जाताना ट्रेलर गुणी, येताना शेपूट हलवतो: मियाटामागचा टायर ट्रेलर आणि माझी दोन वर्षांची डोकेदुखी

ज्यांच्याकडे छोटी स्पोर्ट्स कार आहे आणि जे ट्रॅक डेला (रेस ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायच्या दिवशी) वेगळे टायर घेऊन जातात त्यांच्यासाठी हे लिहितोय. आपल्या बे एरियातल्या मराठी मंडळींपैकी तिघाचौघांनी गेल्या वर्षभरात मला ट्रेलर मागे हलतो त्याचं काय करायचं, हाच प्रश्न विचारला, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

माझी गाडी माझदाची एनबी, म्हणजे दुसऱ्या पिढीची मियाटा, राहतो फ्रीमॉंटला. ट्रॅकचे चार टायर रिमसकट, जॅक, टूलबॉक्स, सावलीचा तंबू आणि पेट्रोलचे दोन कॅन, एवढं सामान मियाटाच्या डिकीत बसणं शक्यच नाही. म्हणून मागे छोटा हिच (गाडीला ट्रेलर जोडायची लोखंडी जोडणी) आणि त्याला ४ फुटी ट्रेलर. एक आधीच सांगतो, अमेरिकेतल्या मियाटाच्या मॅन्युअलमध्ये ही गाडी टोइंगसाठी, म्हणजे मागे काही ओढण्यासाठी, नाही असंच लिहिलेलं आहे. हिच बाहेरच्या कंपन्या बनवतात, क्लास १ चा, त्यावर २००० पाउंड लिहिलेलं असतं, पण तो आकडा हिचच्या लोखंडाचा आहे, गाडीचा नाही. गाडीच जेमतेम २३००-२४०० पाउंडांची. मी स्वतःला ६०० पाउंडांची मर्यादा घालून घेतलीय आणि त्याच्या वर मी जात नाही, तुम्हीही जाऊ नका.

आता समस्या. थंडरहिलच्या रेस ट्रॅकला जायचं म्हणजे विलोज गावापर्यंत दीडशेच्या आसपास मैल, बटनविलोच्या ट्रॅकला जायचं तर सव्वादोनशेच्या आसपास. जाताना ट्रेलर मागे आहे हे विसरायला व्हायचं इतका सरळ चालायचा. आणि संध्याकाळी परत निघालो की ताशी ४८-५० मैलांच्या पुढे गेलं की मागून गाडीला कोणीतरी डावीकडे-उजवीकडे ओढतंय असं वाटायचं, आधी हळू, मग वाढत वाढत जायचं, आरशात बघितलं तर ट्रेलर शेपटीसारखा हलतोय. एकदा आय-५८० वर अल्टामॉंटच्या उतारावर, त्या पवनचक्क्यांच्या पट्ट्यात, शेजारून ट्रक गेला आणि ट्रेलर अर्धी लेन इकडे अर्धी लेन तिकडे झाला. बायको शेजारी बसली होती. त्या रात्री मी ठरवलं की याचं कारण शोधूनच काढायचं.

ट्रेलर कधी हलायला लागलाच तर काय करायचं ते आधी सांगतो, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं. गॅसवरून पाय हळूच काढा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा आणि गाडीला आपोआप हळू होऊ द्या. ब्रेक मारला की ट्रेलर मागून ढकलतो, कारण एवढ्या छोट्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतात, आणि मग तो वळून गाडीलाच पुढे फिरवतो. हलणं सावरायला स्टिअरिंग उलट-सुलट फिरवू नका, तुमचा हात नेहमी अर्धा सेकंद उशिरा पोचतो आणि झोका वाढतच जातो. आणि वेग वाढवून तो सरळ होईल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

तर मी काय काय केलं. आधी वाटलं वारा. अल्टामॉंटला वारा असतोच, संध्याकाळी जास्त असतो, म्हणून येतानाच होतंय असा मी समज करून घेतला. पण आय-५०५ वर एकदा पान हलत नव्हतं तरी तेच. मग वाटलं चाकं. मूळच्या ट्रेलरला ८ इंची रिमचे बारके टायर होते, ते काढून १२ इंची लावले. हा बदल चांगलाच आहे, पण वेगळ्या कारणासाठी, त्यावर पुढे येतो. हलणं तसंच. मग एक्सल तिरका आहे का ते बघितलं, कपलरच्या (ट्रेलरच्या पुढच्या टोकाला असलेली, हिचच्या बॉलवर म्हणजे लोखंडी गोळ्यावर बसणारी खोबणी) मधल्या बिंदूपासून एक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप लावून मोजलं, एका बाजूला पाव इंच जास्त निघालं. यू-बोल्ट ढिले करून सरळ केलं. त्याने टायरची एका बाजूची झीज थांबली, हलणं नाही थांबलं. कपलर बॉलवर ढिला होता, १-७/८ इंची बॉलवर, कपलरच्या खालचं नट आवळून तो खटखटाट घालवला. हिचच्या चौकोनी नळीत बॉल माउंट (बॉलचा आधार) डुगडुगत होतं, त्याला आवळायचा क्लॅम्प लावला. हे सगळं करायलाच हवं होतं, डुगडुग असेल तर झोका लवकर सुरू होतो, पण मूळ कारण तिथे नव्हतं.

मग ट्रेलरची पुढची दांडी लांब केली. ट्रेलर हलण्याचं एक मोठं कारण म्हणजे बॉलपासून एक्सलपर्यंतचं अंतर कमी असणं, माझं ६ फूट होतं. वेल्डरकडून २ बाय ३ इंची जाड चौकोनी ट्यूब बसवून ते ८ फूट केलं (लांब दांडीच्या बुडाशी वाकण्याचा ताण वाढतो, म्हणून जुनीच बारीक नळी पुढे जोडून लांबवू नका, पूर्ण दांडी बदला). फरक पडला, आधी ४८ ला हलायचा तो आता ५३ ला हलायला लागला. पण येतानाच! जाताना तोच ट्रेलर, तेच टायर, तीच दांडी आणि काहीही नाही. आणि कॅलिफोर्नियात ट्रेलर मागे असेल तर कायद्याने ५५ ची मर्यादा आहे, म्हणजे ५३ ला हलणारा ट्रेलर मला चालणारच नव्हता.

खरा धागा सापडला तो लागुना सेका या ट्रॅकला गेल्यावर. ते जवळ आहे, सत्तर-ऐंशी मैल, तिथे जाताना मी पेट्रोलचे कॅन कधी नेत नाही, वाटेत भरून घेतो. आणि त्या दिवशी ट्रेलर जातानाही हलला आणि येतानाही हलला. हायवे १०१ वर गिलरॉयच्या अलीकडे हलायला लागला तेव्हा डोक्यात एकदम उजेड पडला. कॅन!

माझे दोन कॅन ५-५ गॅलनचे. पेट्रोल गॅलनला साधारण ६ पाउंड, म्हणजे ६० पाउंड. ते मी ठेवायचो ट्रेलरच्या अगदी पुढे, दांडीवरच्या रॅकवर, एक्सलपासून ४ फूट पुढे, कारण ते तिथे हाताला सोपे पडतात आणि उघड्या हवेत राहतात. ट्रॅकवर दिवसभरात ते पेट्रोल संपायचं. येताना कॅन रिकामे. म्हणजे ट्रेलरच्या नाकावरचं वजनच नाहीसं व्हायचं.

घरी येऊन बॉलवर किती वजन टेकतं ते मोजलं. मोजायला काही खास लागत नाही, बाथरूमचा वजनकाटा घ्या, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवा, उंची अशी की कपलर त्यावर टेकला की ट्रेलर आडवा समतल राहील, आणि आकडा वाचा. सगळं सामान भरून, कॅन भरलेले असताना आकडा आला ५४ पाउंड. कॅन रिकामे केले तर २४. पूर्ण ट्रेलरचं वजन भरलेले कॅन धरून ६००, रिकामे धरून ५४०. म्हणजे जाताना ९ टक्के आणि येताना साडेचारच्याही खाली. बॉलवर टेकणारं वजन एकूण ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असावं असा नियम आहे, आणि तो नियम उगाच नाहीये. ट्रेलरचा वजनाचा मध्य एक्सलच्या पुरेसा पुढे असेल तर झोका आला तरी तो आपोआप विरतो, मध्य जितका मागे सरकेल तितका झोका विरायला वेळ लागतो, आणि वेग वाढला की विरणं अजून कमी होतं, मग एका वेगाला विरणं संपतं आणि झोका वाढायलाच लागतो. माझा तो वेग ५३ होता.

गंमत बघा, दांडी लांब केल्याने माझा आकडा उलट कमी झाला होता. तेच सामान, तेच एक्सल, पण तरफ ६ फुटांची ८ फूट झाली की बॉलवरचं वजन पाऊणच राहतं. आज ५४ असेल तर आधी ७२ होतं. म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने थोडं काढून घेतलं, आणि मी मोजलंच नाही म्हणून मला कळलं नाही. दांडी लांब केली की सामान परत नव्याने लावायला लागतं हे मला कोणी सांगितलं असतं तर एक अख्खा सीझन वाचला असता.

हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं खरं तर. आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यात, आजोबांची ऊस वाहायची बैलगाडी होती. गाडी भरताना आजोबा खाली उभे राहून ओरडायचे, "मागं नको रे, गाडी उलाळ व्हईल." मागे भार जास्त झाला की जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास लागल्यासारखं होतं, म्हणून मोळ्या नेहमी आखाच्या जरा पुढे धरून रचायच्या. तीच गोष्ट आहे ही. माझा ट्रेलर येताना उलाळ होत होता.

आता उपाय. पहिला विचार माझ्या मनात आला की येताना कॅनमध्ये पाणी भरावं, किंवा येताना टूलबॉक्स पुढे सरकवावा. पण ट्रॅकवरून निघताना आपण थकलेले असतो, उन्हात भाजलेले असतो, अंधार पडायच्या आत घर गाठायचं असतं, त्या वेळी आठवणीवर अवलंबून राहणारा उपाय टिकत नाही. म्हणून उलटा विचार केला. जे वजन दिवसभरात संपतं ते एक्सलच्या बरोबर वर ठेवायचं. एक्सलच्या वर ठेवलेलं वजन बॉलवर शून्य भार टाकतं, त्यामुळे कॅन भरलेला असो की रिकामा, नाकावरचा आकडा तोच राहतो. आणि जे वजन कधी बदलत नाही, म्हणजे टायर, जॅक, टूलबॉक्स, त्याच्याकडून नाकावरचा भार घ्यायचा.

तर आता माझी मांडणी अशी. कॅन ट्रेलरच्या मध्ये, एक्सलच्या डोक्यावर, उभे, पट्ट्याने बांधलेले, उघड्यावर. बंद पेटीत पेट्रोल कधीच ठेवू नका, वाफ साचते. टायरचा उभा स्टँड होता त्यापेक्षा ६ इंच पुढे घेतला, चार टायर रिमसकट १५० पाउंडांच्या आसपास असल्यामुळे ६ इंचांनीही नाकावर ९ पाउंड वाढतात. जॅक आणि टूलबॉक्स मिळून ८५ पाउंड, ते आधी मागच्या फाळक्याजवळ असायचे कारण ट्रॅकवर पोचल्यावर आधी तेच काढायचे असतात. ते एक्सलच्या मागे दीड फुटावरून एक्सलच्या पुढे दीड फुटावर आणले, यानेच ३२ पाउंड वाढले. परत काटा लावला, ६५. कॅन रिकामे करून लावला, ६५. म्हणजे जाताना जवळपास ११ टक्के, येताना १२.

एक चूक करू नका, नाकावर वजन वाढवायचं म्हणून एक जड वस्तू अगदी पुढच्या टोकाला आणि दुसरी अगदी मागच्या टोकाला अशी विभागणी. आकडा बरोबर येईल पण ट्रेलर डंबेलसारखा होईल, एकदा फिरायला लागला की थांबायला मागत नाही. जड सगळं मध्याजवळ आणि मध्याच्या जरा पुढे. टोकांना फक्त हलकं, खुर्च्या, तंबूचं कापड वगैरे.

त्यानंतर थंडरहिलला चार वेळा आणि बटनविलोला दोन वेळा जाऊन आलो. अल्टामॉंटच्या वाऱ्यातही ५५ ला ट्रेलर सरळ आहे, ट्रक शेजारून गेला तर एकदा हलतो आणि लगेच स्थिर होतो. असं एकदाच हलून स्थिर होणं चालतं. दुसरा झोका पहिल्यापेक्षा मोठा वाटला तर थांबून सामान बघायचं.

यातच एका मित्राची केस सांगतो, त्याचंही येतानाच हलायचं पण नाकावरचा आकडा बरोबर होता. तो ट्रॅकचे टायर घालूनच घरी येतो. दुपारी गरम टायरमधली हवा काढून काढून ३२ पीएसआयवर आणायचा, संध्याकाळी टायर थंड झाले की तीच हवा २५-२६ वर उतरायची आणि मागे ट्रेलर जोडून तो तसाच निघायचा. गाडीची मागची चाकं मऊ असतील तर ट्रेलरचा झोका गाडीला जास्त हलवतो. निघण्याआधी मागच्या टायरमध्ये हवा भरायला सुरुवात केली आणि प्रश्न मिटला. छोटा कॉम्प्रेसर तर प्रत्येकाकडे असतोच.

आता बाकीच्या दोन गोष्टी ज्या परत परत होतात.

बेअरिंग. ८ इंची रिमचा बारका टायर व्यासाला १६ इंच असतो, ताशी ६० मैलाला तो मिनिटाला साडेबाराशेच्या वर फेरे मारतो. आपल्या मियाटाचा १५ इंची रिमचा टायर त्याच वेगाला नऊशेच्या आत. १२ इंची लावला की हजारावर येतो, म्हणून तो बदल करा, बेअरिंग थंड राहतं आणि खड्ड्यातही बरं. माझं उजव्या बाजूचं बेअरिंग तीनदा गेलं. दर वेळी मी नवीन बेअरिंग टाकायचो आणि हबमधली जुनी बाहेरची कडी तशीच ठेवायचो, कारण ती ठोकून काढायला कंटाळा. त्या कडीवर बारीक खड्डे पडलेले होते, तेच नव्या बेअरिंगला खात होते. बेअरिंग आणि कडी जोडीनेच बदलायची, आणि मागचं सीलही. दुसरं, नवीन ट्रेलरच्या बेअरिंगला जे वंगण दिसतं ते बरेचदा गंज लागू नये म्हणून लावलेलं असतं, चालवण्यापुरतं नसतं. पहिल्या दिवशीच उघडून धुवा आणि तळहातावर ग्रीस घेऊन रोलरच्या आतपर्यंत दाबून भरा. नट आवळताना हब फिरवत आवळा म्हणजे सगळं नीट बसतं, मग ढिलं करा, परत फक्त बोटाने आवळा आणि पिन घाला. पान्याने आवळून ठेवलेलं बेअरिंग जळणारच. आणि स्प्रिंगची ग्रीस कॅप लावली असेल तर उत्साहाने पंप मारत राहू नका, जादा ग्रीस मागचं सील फोडून बाहेर येतं. प्रवासात पहिल्या वीस मैलांवर थांबून दोन्ही हबना हात लावा. कोमट ठीक, हात ठेवता येत नाही एवढं गरम झालं किंवा एक बाजू दुसरीपेक्षा खूप गरम असली तर पुढे जाऊ नका. विलोजला उन्हाळ्यात शंभर फॅरनहाइटच्या वर तापमान जातं, तेव्हा दोन्ही बाजूंची तुलनाच खरं सांगते.

लाइट. डावा इंडिकेटर दिला की दोन्ही बाजूचे दिवे मंद लुकलुकतात, ब्रेक दाबला की टेल लाइट विझतो, असे विचित्र प्रकार दिसले तर बल्ब बदलत बसू नका, पांढरी वायर बघा. चार वायरींच्या कनेक्टरमध्ये पांढरी अर्थिंगची, तपकिरी टेल लाइटची, पिवळी डावी, हिरवी उजवी. दुमडणाऱ्या ट्रेलरमध्ये अर्थिंग बोल्टांमधून आणि रंगाखालच्या पत्र्यातून जातं, गंज चढला की संपलं. मी प्रत्येक दिव्यापासून कनेक्टरपर्यंत स्वतंत्र अर्थिंगची वायर ओढली, तेव्हापासून तक्रार नाही. मियाटाचा मागचा इंडिकेटर वेगळा पिवळा असतो आणि ट्रेलरला इंडिकेटर-ब्रेक एकाच बल्बमध्ये, त्यामुळे मध्ये कन्व्हर्टर लागतोच, तो बॅटरीवरून थेट करंट घेणारा घ्या म्हणजे ट्रेलरचा भार गाडीच्या जुन्या वायरिंगवर पडत नाही. आणि वायर सायलेन्सरपासून लांब बांधा. माझी वायर सायलेन्सरला टेकून वितळली होती, ट्रॅकवर जाताना फ्यूज उडायचा, बदलला की चालायचा, परत उडायचा, कारण वितळलेली जागा वरून दिसत नव्हती, खाली झोपून टॉर्च मारल्यावर सापडली.

सेफ्टी चेन दांडीखालून एकमेकींना छेद देऊन लावा, कपलर निसटला तर नाक त्या झोळीत पडतं, रस्त्यात घुसत नाही.

ट्रेलरच्या टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसत असली तरी पाच वर्षं झाली की मी बदलतो, उन्हात उभ्या ट्रेलरचे टायर झिजण्याआधी तडकतात. हवा १२ इंचीला जास्तीत जास्त ६० पीएसआय लिहिलेली आहे, माझ्या वजनाला ६० ठेवली तर ट्रेलर रस्त्याच्या सांध्यांवर उड्या मारतो म्हणून मी ४५ ठेवतो. तीसच्या खाली मात्र नको, टायरची भिंत लवते आणि परत शेपूट सुरू. आणि ट्रेलरचा स्पेअर विकत घ्या, बांधून ठेवा, आणि त्याचा पाना घरीच लावून बघा. ट्रेलरच्या नटांचा साइज गाडीच्या नटांपेक्षा वेगळा असतो, मला ते आय-५ च्या कडेला कळलं.